इंग्लंडमधलं छोटं खेडं आतून कसं असतं? तिथे आपल्यासारखी गावकी असते का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या खेड्यांचे फोटो पाहिले की जुनी घरं, चर्च आणि फुलझाडं एवढंच दिसतं. पण ते गाव चालतं कसं, त्याचा इतिहास काय, आणि गाव म्हणून माणसं एकत्र काही ठरवतात का, की जो तो आपल्या दाराआड.

मी गेली नऊ वर्षं नॉटिंगहॅमजवळ राहतो. मूळचा बार्शी तालुक्यातला, घरची शेती ज्वारी-तुरीची. सगळ्या इंग्लंडबद्दल बोलण्याइतकं मला माहीत नाही. पण एक गाव मी मन लावून पाहिलंय, पुन्हा पुन्हा पाहिलंय, तेवढ्याबद्दल सांगतो. गावाचं नाव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायरमध्ये, ओलर्टन आणि टक्सफर्ड या दोन छोट्या बाजारगावांच्या मध्ये आहे. वस्ती काही शे माणसांची. रस्त्याने जाणाऱ्याला गाडी थांबवावी असंही वाटणार नाही इतकं साधं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला एक गोष्ट खटकली आणि मग आवडली. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याचं घर शेतात असतं, एकटं, चारी बाजूंनी कुंपणाची झाडी. लॅक्स्टनमध्ये मात्र शेतकऱ्यांची घरं गावाच्या रस्त्याला लागून, एकाशेजारी एक. कित्येक घरांची पाख्याची भिंत रस्त्याकडे, घर आतल्या अंगाला लांब गेलेलं, मागे गोठे, गवताच्या पेंढ्यांची कोठारं, आणि त्याच्यामागे अरुंद लांबट परसू. जमीन सगळी गावाबाहेर. म्हणजे गावठाण वेगळं आणि शिवार वेगळं. मी तिथल्या चढावर उभा राहून खाली पाहिलं आणि घरचीच आठवण झाली.

शिवार पाहिलं की खरी गंमत कळते. तिन्ही मोठ्या शेतांना नावं आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. कुठल्याच शेतात आत कुंपण नाही, तार नाही, झाडी नाही. सगळं उघडं. पण एक शेत म्हणजे एकाच शेतकऱ्याचं शेत नाही. त्याचे लांब लांब पट्टे पाडलेत, आणि एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. आपल्याकडे वाटणी करताना भावाभावांना भारी काळ्या जमिनीत एक तुकडा, माळावर एक तुकडा, विहिरीखाली एक तुकडा असं देतात ना, त्यामागे जो विचार असतो तोच इथे आहे: चांगली जमीन सगळ्यांच्या वाट्याला, आणि वाईटही सगळ्यांच्या वाट्याला. पाणी साचणारा भाग एकट्याच्याच गळ्यात पडायला नको.

पिकांची पाळी सगळ्या शेताची मिळून असते. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरायचं धान्य, तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी एका शेताने सरकते. पूर्वी पडीत आणि कापणीनंतरच्या धसकटात गावाची जनावरं एकत्र चरायची, त्यांची लेंडी-शेण हेच खत. आता पडीच्या वर्षी बहुतेकजण गवत किंवा चाऱ्याचं पीक घेतात. पण पाळी तीच आहे. शेजारी गहू पेरतोय आणि मी माझ्या पट्ट्यात मला वाटेल ते घेईन, असं इथे चालत नाही.

पट्टे इतके लांब का, याचं उत्तर बैलांत आहे. मध्ययुगातल्या जड नांगराला बैलांच्या कित्येक जोड्या लागायच्या, आणि एवढं लटांबर वळवणं कष्टाचं. म्हणून एकदा तास सुरू केलं की बैल दमेपर्यंत सरळ जायचं. त्या एका तासाची लांबी म्हणजे फर्लांग. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच तो, नांगराच्या तासाची लांबी, 220 यार्ड. माझी आजी ‘देऊळ दोन फर्लांगावर आहे’ म्हणायची. तिला नांगराचं तास चांगलं माहीत होतं आणि फर्लांगही माहीत होता. दोन्ही एकच आहेत हे कळलं असतं तर ती केवढी खूश झाली असती! एक फर्लांग लांब आणि 22 यार्ड रुंद पट्टा म्हणजे एक एकर, साधारण बैलांचं एका दिवसाचं काम. आपल्या सातबाऱ्याच्या गप्पांत जो एकर येतो तो अशाच शेतांतून आलाय.

एके काळी मध्य इंग्लंडमधली बहुतेक गावं अशीच होती. मग कुंपणं आली. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने उघड्या जमिनींना कुंपण घालण्याचे 5,200हून जास्त कायदे केले आणि इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त जमीन, म्हणजे सुमारे 68 लाख एकर, त्याखाली आली. विखुरलेले पट्टे एकत्र करून ज्याची त्याला सलग जमीन दिली. उत्पन्नाच्या दृष्टीने फायदा झाला असेलही. पण गायरानं गेली. ज्याच्याकडे जमीन नव्हती, फक्त एक गाय आणि गायरानावर ती चारण्याचा हक्क होता, त्याची गाय गेली आणि तो दुसऱ्याच्या शेतावर मजूर झाला किंवा शहरात गिरणीत गेला. हे वाचताना माझ्या पोटात कालवतं, कारण गायरानाच्या चार एकरांवर जगलेली घरं मी आमच्या गावात पाहिली आहेत.

लॅक्स्टन कसं वाचलं? कुणी थोर माणसाने ठरवून वाचवलं असं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. एकोणिसाव्या शतकात गावात दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो. दोघांच्या जमिनी एकमेकांत मिसळलेल्या आणि दोघांचं एकमत होईना. पुढे धान्याचे भाव पडले, कुंपणांवर खर्च करायची हौसही राहिली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सने पट्टे थोडे एकत्र करून रुंद केले, काही भागाला कुंपण पडलं, पण तीन उघडी शेतं राहिली. 1952मध्ये अर्ल मॅनव्हर्सने गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकलं, ते ही शेती जपली जावी म्हणून. 1981मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या नावावरची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं, आणि 2020मध्ये थोर्स्बी इस्टेटने विकत घेतलं. थोर्स्बी म्हणजे मॅनव्हर्सच्याच घराण्याची इस्टेट, त्यामुळे जमीन फिरून त्याच घराकडे आली. शेतकरी बहुतेक कुळं आहेत. मालक बदलले, पाळी बदलली नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी मला कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. लॅक्स्टनचा एक नकाशा आहे, 1635चा, मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने काढलेला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. गावातल्या माहिती केंद्रात त्याची प्रत बघायला मिळते. प्रत्येक पट्टा त्यात रेखलाय, आणि मध्ये मध्ये नांगर धरलेली, पीक कापणारी, शिकार करणारी छोटी छोटी माणसं काढली आहेत. हा नकाशा काढून घेतला तो गावाचा तेव्हाचा मालक सर विल्यम कोर्टेन याने. कोर्टेन लंडनचा मोठा व्यापारी. त्याच 1635 साली राजा पहिला चार्ल्स याने त्याच्या व्यापारी मंडळीला ईस्ट इंडिया कंपनीला डावलून हिंदुस्थानाशी व्यापार करायची परवानगी दिली. 1636च्या वसंतात त्यांची गलबतं निघाली आणि त्याच वर्षी गोव्याला पोचली. पुढे त्यांनी भटकळ आणि कारवारला वखारी घातल्या. कोर्टेन स्वतः 1636मध्येच वारला, धंदा मुलाच्या हातात गेला आणि बुडाला, आणि लॅक्स्टन विकलं गेलं. म्हणजे ज्या माणसाने नॉटिंगहॅमशायरच्या एका खेड्यातला पट्टा न् पट्टा कागदावर उतरवून घेतला, त्याच्याच मंडळीच्या शिडांना गोव्याचं वारं लागलं होतं. शाळेत आपण ईस्ट इंडिया कंपनीपाशीच थांबतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण तुमचा प्रश्न गावकीचा आहे, आणि माझं या गावावर जे प्रेम बसलं तेही त्यामुळेच.

आधी घरची गोष्ट. आमच्या शेताचा पूर्वेकडचा बांध शेजारी कोरायचा. दर वर्षी नांगरताना एक तास आत. एका तासाने काय होतं, असं वाटतं. पण दहा वर्षांत बांध बोटभर राहिला आणि शेवटी चालायलाही जागा उरली नाही. अण्णांनी मोजणी आणली, खुणेचे दगड रोवले. पुढच्या पावसाळ्यानंतर दोन दगड जागेवर नव्हते. मग कोर्ट. अकरा वर्षं तारखा. एका विताच्या जमिनीसाठी दोन घरांत लग्नाचं आमंत्रण बंद झालं, आणि अण्णा आणि ते शेजारी एकेकाळी एका ताटात जेवलेले. शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही हे नवीन नाही.

लॅक्स्टनमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस एक दिवस असतो, त्याला ‘ज्युरी डे’ म्हणतात. गावातल्याच शेतकऱ्यांमधून बारा पंच आणि त्यांचा एक म्होरक्या शपथ घेतलेले असतात. ज्या शेतात त्या वर्षी गहू पेरलाय ते शेत हे पंच दिवसभर फिरून तपासतात. कुणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात गेला का, कुणी रस्त्याच्या कडेचं किंवा गायरानाचं गवत नांगरून आपल्यात ओढलं का, कुणी चर बुजू दिला का.

मी एका वर्षी त्यांच्यामागून गेलो. सकाळी धुकं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताचे गठ्ठे टाकलेले, त्यावर बसून मंडळी शेतात गेली. तिथली माती तांबूस आणि चिकण, दहा पावलं चाललं की बुटाला शेर-शेर चिखल. गहू बोटभर वर आलेला, त्यामुळे पट्ट्यांच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. एका जागी थांबले. पट्ट्याच्या टोकाला गवताच्या कडेपाशी पेरणी जरा पुढे सरकल्यासारखी दिसत होती. एका म्हाताऱ्या पंचाने वाकून जमिनीकडे पाहिलं, मग लांबवर दुसऱ्या टोकाच्या खुंटीकडे, एक डोळा मिटून. दोघांनी पावलं मोजली. थोडी चर्चा झाली, आवाज कुणाचा चढला नाही. मग ट्रॉलीतून लाकडी खुंटी काढली, जागा ठरवली, आणि एकाने मोठ्या लाकडी मोगरीने चार ठोक्यांत ती रोवली. म्होरक्याने कागदावर टिपून घेतलं. ज्याचा तो पट्टा होता तो माणूस पंचांतच उभा होता! त्याने मान हलवली आणि सगळे पुढच्या पट्ट्याकडे निघाले.

एवढंच. एक विताचा प्रश्न होता, पाच मिनिटांत मिटला. मी तिथे उभा राहून त्या खुंटीकडे किती वेळ बघत होतो मला आठवत नाही.

आठवड्याभराने गावच्या डव्हकोट इन नावाच्या पबमध्ये ‘कोर्ट लीट’ बसतं. जमीनदाराच्या वतीने एक वकील कारभारी म्हणून बसतो. गावातल्या हक्कदारांची नावं पुकारली जातात. जो येत नाही त्याने नाममात्र पैसे भरायचे. पंच आपला कागद वाचून दाखवतात, ज्याची चूक असेल त्याला दंड होतो. दंडाची रक्कम फार नसते. पण तो भर सभेत, ज्यांच्याबरोबर रोज उठायचं-बसायचं त्यांच्यासमोर वाचला जातो. मग पुढच्या वर्षीच्या पंचांना शपथ देतात. या वर्षी तू माझा पट्टा तपासलास, पुढे कधीतरी मी तुझा तपासणार. माझ्या मते सगळं बळ यातच आहे. बाहेरून आलेला मोजणीदार एकदा येतो आणि जातो. शेजारी मात्र दर वर्षी येतो.

ही हौसेखातर चालवलेली जत्रा नाही, हे आवर्जून सांगतो. मध्ययुगात अशी कोर्टं इंग्लंडभर होती. 1977च्या एका कायद्याने त्यांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचं कोर्ट त्यातून वगळलं, कारण ते तेव्हाही खरोखर काम करत होतं.

कोर्टाच्या अखत्यारीत गायरानं येतात, त्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. पट्ट्यांच्या मधल्या खोलगट ओलसर जागा, जिथे नांगर घालण्यात अर्थ नाही. तिथलं गवत कापण्याचा हक्क दर वर्षी लिलावाने देतात आणि आलेले पैसे हक्कदारांत वाटले जातात. या साइकांना कधी नांगर लागला नाही, खत-औषध लागलं नाही, म्हणून इतर ठिकाणाहून नाहीशी झालेली रानफुलं तिथे टिकून आहेत, आणि आता कायद्याने त्यांना संरक्षण आहे. जूनमध्ये एकदा बघायला हव्यात अशा जागा. आणि हो, गावात कोंडवाडाही आहे! विटांचं छोटं आवार, मोकाट जनावर पकडून आत घालायचं आणि मालकाने पैसे भरून सोडवायचं. त्यासाठी कोर्ट एक माणूसही नेमतं. आता जनावरं मोकाट फिरत नाहीत, पण कोंडवाडा नीट दुरुस्त करून ठेवलाय.

बाकी गाव इंग्लंडमधल्या कुठल्याही गावासारखं. संत मायकलचं चर्च आहे, आत एव्हरिंगहॅम या जुन्या सरदार घराण्याच्या थडग्यांवरच्या मूर्ती आहेत, त्यातली एक बाईची मूर्ती लाकडात कोरलेली. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातला किल्ला आहे, पण दगड नाही, नुसती मातीची टेकाडं आणि खंदक. आपण किल्ला म्हणून जे डोळ्यांसमोर आणतो तसं काही शोधू नका. 1086च्या डूम्सडे बुक या जमीन-पाहणीतही गावाचं नाव आहे.

पबचं महत्त्व आपल्या माणसांना पटकन कळत नाही. पब म्हणजे दारूचा अड्डा असं मीही समजत होतो. खेड्यातला पब म्हणजे पार आणि चावडी एकाच छपराखाली. म्हातारी माणसं दुपारी येऊन अर्धा ग्लास समोर ठेवून बसतात, लहान मुलं जेवतात, कुणाचं कुत्रं हरवलं हे तिथेच कळतं. पब बंद पडला की गाव मुकं होतं, आणि इंग्लंडमध्ये आज बरीच गावं अशी मुकी होत आहेत.

सगळं गोडच आहे असं समजू नका. गावात राहणारे सगळे शेतकरी नाहीत. बरेचजण सकाळी गाडी काढून शहरात कामाला जातात. शेती करणारी घरं मोजकी राहिली आहेत आणि त्यांचंही नुसत्या पट्ट्यांवर भागत नाही, कुंपणातली वेगळी जमीन आणि जनावरं असतात म्हणून चालतं. आजची यंत्रं अवाढव्य, पट्टे त्यांच्या मानाने अडचणीचे. पुढची पिढी हे करील का, ही काळजी तिथल्या बोलण्यात ऐकू येते. ती अगदी आपल्याकडच्यासारखीच आहे.

त्या संध्याकाळी मी अण्णांना फोन केला आणि खुंटी ठोकतानाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो तीनदा पाहिला असं आई म्हणाली. मग मला विचारलं, “खुंटी ठोकणारा सरकारी माणूस का रे?”

म्हटलं, “नाही, शेतकरीच.”

“आणि ज्याच्यात ठोकली तो?”

“तो तिथंच उभा होता.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिकीट काय पडतं तिकडचं?”

तुम्हाला जायचं असेल तर लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून नेवार्क नॉर्थगेटपर्यंत गाडीने दीडेक तास लागतो, तिथून पुढे टॅक्सी करा, कारण बसचा भरवसा नाही. शेतांतून चालायच्या वाटा खुल्या आहेत. फुलं बघायची तर जून, आणि पंच बघायचे तर नोव्हेंबरची अखेर; तेव्हा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून जा, आणि चालताना पेरलेल्या पट्ट्यावर पाय देऊ नका, कडेच्या गवतावरून चाला.